ताईचा विश्वास कमी पडला नव्हता

ताईला मूठमाती देऊन आम्ही दफनभूमीच्या फाटकाशी आलो होतो. हाताची माती अजून ओली होती. मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या बंधूंनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "प्रभू बरं करायला तयारच होता गं. आपलाच विश्वास कुठेतरी कमी पडला." 'आपला' म्हणाले, पण रोख ताईकडे होता. मी त्या दिवशी गप्प राहिले. दुःखात सोबत करायला आलेल्या माणसाशी वाद कसा घालायचा, असं वाटलं. तीन वर्षं ते वाक्य माझ्या मनात ठसठसतं आहे.

या तीन वर्षांत तेच वाक्य मी कुठे कुठे ऐकलं! मूल न झालेल्या सुनेला ऐकवलेलं, नोकरी गेलेल्या मुलाला ऐकवलेलं, अर्धांगवायूने खिळलेल्या आजोबांना त्यांच्या उशाशी बसून ऐकवलेलं. घरोघरच्या प्रार्थनासभांत, उपास-प्रार्थनेत, सकाळी मोबाइलवर येणाऱ्या वचनाखाली, आणि मांडव घालून भरवलेल्या आरोग्यसभांत तर व्यासपीठावरून. तेव्हा हा त्या एका बंधूंशी वाद नाही. ते भले गृहस्थ आहेत. ताईला रक्त लागलं तेव्हा दोनदा माणसं घेऊन दवाखान्यात आले होते. माझा वाद त्या शिकवणीशी आहे, जी अशा भल्या माणसाकडूनही हे बोलवून घेते.

ती शिकवण आधी नीट मांडते. देव प्रेमळ आहे आणि सर्वसमर्थ आहे. ख्रिस्ताने वधस्तंभावर आपली पापं वाहिली तसे आपले रोगही वाहिले. यशयाच्या ५३व्या अध्यायाचा आधार त्यासाठी दिला जातो. म्हणजे आरोग्याची किंमत चुकती झाली आहे, ते आपल्या नावावर जमा आहे, विश्वासाने हक्क सांगायचा आणि घ्यायचं. मिळालं नाही तर देणाऱ्यात खोट असणं शक्य नाही, म्हणून ती घेणाऱ्यात शोधायची. लपवलेलं पाप असेल, कुळातला शाप असेल, नाहीतर मनात शंका असेल. शंका हे सैतानाने पेरलेलं बी; बोलून दाखवलं की ते उगवतं. म्हणून दुखतं असं म्हणू नये, भीती वाटते असं म्हणू नये, असं का झालं हे विचारू नये. रडू तर नयेच, कारण रडणं म्हणजे आशा सोडणं. बरं झालं की साक्ष द्यावी. बरं झालं नाही तर काय करावं, याबद्दल या शिकवणीत एक शब्द नाही.

ताई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. स्तनाचा कर्करोग निघाला, शस्त्रक्रिया झाली, केमो झाली, रिपोर्ट चांगला आला. त्या रविवारी साक्षीच्या वेळी ती डोक्याला रुमाल बांधून उभी राहिली. बोलणं संपल्यावर टाळ्या थांबेनात. तिची साक्ष पुढे दुसऱ्या मंडळ्यांतही सांगितली जाऊ लागली. चौदा महिन्यांनी आजार हाडांत उतरला, आणि आता तिला कोणी उभं राहायला सांगेना. एक बाई तिला म्हणाल्या, साक्ष दिल्यानंतर तुम्ही मनात शंका आणली असणार, म्हणून मिळालेलं आरोग्य हातचं गेलं. ताईने चर्चला येणं थांबवलं. "माझ्याकडे आता सांगण्यासारखं काही नाही," एवढंच म्हणायची. बावन्न वर्षांची बाई, आईच्या कडेवर बसून ज्या मंदिरात आली होती, त्याच मंदिराची पायरी चढायला तिला अपराध्यासारखं वाटू लागलं.

मग बाहेरगावचे एक प्रचारक घरी प्रार्थनेला आले. गोळ्या चालू आहेत म्हणजे तुमचा भरवसा गोळ्यांवर आहे, असं त्यांनी तिला सांगितलं. त्या मॉर्फिनच्या गोळ्या होत्या. ताईने त्या तीन दिवस घेतल्या नाहीत. तिसऱ्या रात्री, कळा थोड्या उतरल्या तेव्हा, ती मला म्हणाली, "मी काय केलं असेल गं? आठवून आठवून थकले. दुसरीत असताना बाईंच्या टेबलावरचा रंगीत खडू उचलला होता, तेवढाच आठवतो." आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुलांना खडूने अक्षरं गिरवायला शिकवलेली बाई मरणाच्या दारात बसून आपल्याच सातव्या वर्षातला एक खडू शोधत होती, देवाने शिक्षा का दिली याचं कारण म्हणून. हे तिला कोणी करायला लावलं? देवाने नाही.

या शिकवणीतला सगळ्यात मोठा अन्याय तिच्या मांडणीतच आहे. रोगी बरा झाला तर प्रचारकाच्या प्रार्थनेचं सामर्थ्य. बरा झाला नाही तर रोग्याच्या विश्वासाची उणीव. प्रार्थना करणारा कधीच चुकत नाही, कारण चुकण्याची जागाच त्याने आधी रोग्याच्या अंथरुणात नेऊन ठेवली आहे. आणि हे ज्या शास्त्राच्या आधारावर करायचं ते शास्त्र काय सांगतं? याकोबाच्या पत्राच्या ५व्या अध्यायात आजाऱ्याला फक्त एक काम दिलं आहे, मंडळीच्या वडिलांना बोलावण्याचं. तेल लावायचं वडिलांनी, विश्वासाने प्रार्थना करायची तीही वडिलांनी. ताईने बोलावलं होतं. तिच्या वाट्याचं तिने केलं होतं. विश्वास मोजायचाच असेल तर याकोबाच्या सांगण्याप्रमाणे मोजणी पलंगाभोवती उभ्या राहिलेल्यांपासून सुरू व्हायला हवी. मला ती कोणाचीच करायची नाही. पण झोपलेल्या माणसाची करणारे स्वतःची का करत नाहीत?

यावर मला ठरलेलं उत्तर मिळतं. तुझ्या विश्वासाने तुला बरं केलं, असं येशूने स्वतः म्हटलं नाही का? नासरेथात लोकांच्या अविश्वासामुळे त्याने फारशी अद्भुत कामं केली नाहीत, असं मार्काने लिहिलं नाही का? लिहिलं आहे. पण ते शब्द येशूने कोणाला म्हटले? बारा वर्षं रक्तस्रावाने ग्रासलेल्या, गर्दीत मागून येऊन थरथरत उभ्या राहिलेल्या बाईला. बरी झाल्यावर, तिची भीती जावी म्हणून, तिला 'मुली' अशी हाक मारून. अंथरुणावर कण्हणाऱ्या एकाही माणसाला त्याने उलटून सांगितलं नाही की तुझ्या विश्वासाअभावी तू असा पडला आहेस. चारही शुभवर्तमानं चाळून पाहा, असा एक रोगी दाखवा. आणि नासरेथात अविश्वास दाखवणारे आजारी नव्हते. सुताराचा मुलगा आम्हाला काय शिकवणार म्हणून नाक मुरडणारे धडधाकट लोक होते. त्यांचा अविश्वास उचलून कर्करोगाने झिजलेल्या बाईच्या माथी मारायचा, हे कुठलं वाचन?

कफर्णहूमात पक्षाघात झालेल्या माणसाला चौघांनी छप्पर उकलून खाली सोडलं, तेव्हा येशूने त्यांचा विश्वास पाहिला असं लिहिलं आहे. त्यांचा, वाहून आणणाऱ्यांचा. बेथेस्दा तळ्याकाठी अडतीस वर्षं पडून असलेल्या माणसाला आपल्याला बरं करणारा कोण आहे हेही ठाऊक नव्हतं. माल्खाचा कान जोडला तो तर येशूला धरायला आलेल्या टोळीत होता. लाजर चार दिवसांचा मेलेला होता. त्याने कुठला हक्क सांगितला होता?

जन्मांध माणूस दिसल्यावर शिष्यांनी विचारलं की पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापांचं. प्रश्न अगदी आजच्या आरोग्यसभेतला आहे; कुळातला शापही त्यात आला. येशूने दोन्ही पर्याय मोडीत काढले. यरुशलेमेत बुरूज कोसळून अठरा माणसं मेली होती, ती इतरांपेक्षा जास्त अपराधी होती असं समजू नका, हेही त्यानेच बजावलं. एवढं स्पष्ट सांगून ठेवल्यावर त्याच्याच नावाने भरलेल्या सभेत पुन्हा तोच प्रश्न विचारायचा, आणि उत्तर मात्र त्याने नाकारलेलं द्यायचं?

पौलाच्या शरीरात काटा होता. तो काढावा म्हणून त्याने तीनदा विनवलं आणि काटा राहिला. तीमथ्याला पोटाचा त्रास होता. त्याला पौलाने विश्वास वाढव असं लिहिलं नाही, थोडा द्राक्षारस घे असं लिहिलं. त्रफिमाला त्याने मिलेतात आजारी सोडलं आणि पुढे गेला. हे सगळे अल्पविश्वासी होते का? पौलाला ऐकवायचं धाडस ज्यांना नाही त्यांनी ते ताईला का ऐकवलं? कारण ती उठून उत्तर देऊ शकत नव्हती.

आपल्या मातीतला दाखला हवा असेल तर केडगावला जा. १९०५ साली तिथल्या मुक्ती मिशनमध्ये पवित्र आत्म्याचं जे संजीवन झालं त्याचा उल्लेख आजचे आरोग्यप्रचारक मोठ्या अभिमानाने करतात. त्याच मुक्तीत, त्या संजीवनाला सोळा वर्षं होताना, जुलै १९२१ मध्ये पंडिता रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. चाळीस वर्षांची होती. आईचं काम पुढे तीच नेणार होती. रमाबाईंनी त्याआधी दुष्काळात आईवडील गमावले होते, मग भाऊ, आणि लग्नाला दोन वर्षं होत नाहीत तोच नवरा. दुष्काळातून शेकडो मुली-बायका आणून ज्यांनी जगवल्या, मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून ज्यांनी अख्खं बायबल मराठीत आणलं, त्या बाईंचा विश्वास मुलीच्या बाबतीत कमी पडला, असं केडगावच्या त्यांच्या कबरीपाशी उभं राहून कोणी म्हणून दाखवेल? मनोरमेमागे रमाबाई वर्षभरही राहिल्या नाहीत. ५ एप्रिल १९२२ला त्या गेल्या, त्या भाषांतराच्या कामात अखेरपर्यंत असतानाच.

आणि मिरज. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली तिथे मिशनचं रुग्णालय उघडलं. औषध घेणं हा अविश्वास असेल तर आपल्याच पूर्वजांनी गावोगावी दवाखाने कशासाठी काढले? मिशनच्या दवाखान्यांत प्रार्थना करून मग सुरी हातात घेणारे डॉक्टर आमच्या आजी-आजोबांनी पाहिले. प्रार्थना आणि औषध यांत त्यांना भांडण दिसलं नाही. ज्या समाजाने महाराष्ट्राला परिचारिका दिल्या, त्याच समाजातल्या बाईला मॉर्फिन सोडायला सांगितलं जावं, याची मला अतोनात लाज वाटते.

आता शंकेचं. शंका हे पाप आहे, असं इतक्या सहज बोललं जातं की ऐकणाऱ्याला ते दहा आज्ञांपैकीच एक वाटावं. थोमाला जखमा पाहिल्याशिवाय पटणार नव्हतं. त्याने ते लपवलं नाही, बाकीच्या दहांच्या तोंडावर सांगितलं. त्या दहांनी त्याला घालवून दिलं नाही. आठ दिवसांनी येशू आला तेव्हा थोमा त्याच खोलीत, त्यांच्यातच होता. येशूने त्याला बोल लावले, पण हात पुढे केला. आणि भारतातले ख्रिस्ती आपली परंपरा ज्याच्यापर्यंत नेतात तो प्रेषित कोण? हाच. तुरुंगातून बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने विचारायला पाठवलं की येणारा तो तूच का, तेव्हा येशूने जमलेल्या लोकांसमोर योहानाचा गौरव केला. फेपरं येणाऱ्या मुलाच्या बापाने तर एकाच श्वासात विश्वासही कबूल केला आणि अविश्वासही, आणि त्या अर्ध्यामुर्ध्या कबुलीवर त्याचं मूल बरं झालं. रमाबाईंनी बाप्तिस्म्यानंतर इंग्लंडातल्या वाँटेजच्या सिस्टरांना लिहिलेली पत्रं छापून आली आहेत. त्रैक्यासारख्या मूळ सिद्धांतावरही त्या प्रश्न विचारतात, वडीलधारे सांगतात म्हणून मानायला नकार देतात. मदर तेरेसांना देव जवळ नसल्यासारखा अंधार कित्येक दशकं जाणवत होता, हे त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, २००७ साली छापलेल्या पत्रांतून जगाला कळलं. त्या अंधारातही त्या रोज पहाटे उठून कामाला लागत होत्या. ही सगळी माणसं विश्वासातून गळाली असं धरायचं, तर मग आपल्याकडे उरलं कोण?

त्या तिसऱ्या रात्रीनंतर सकाळी मी ताईला हातापाया पडून गोळी दिली. ती शांत झाल्यावर बायबल घेतलं आणि ८८वं स्तोत्र वाचलं. त्यात आशेची एक ओळ नाही. गाणारा रात्रंदिवस हाक मारतो, देवच आपल्याला खोल खड्ड्यात टाकतो आहे असं सुनावतो, आणि स्तोत्र अंधारातच संपतं. ताई ऐकत राहिली. "हे आपल्या बायबलात आहे?" तिने विचारलं. रोज बायबल वाचणारी बाई. पण उपासनेत ते स्तोत्र तिने कधी ऐकलं नव्हतं, कुठल्या संदेशात नाही, कुठल्या कॅलेंडरवर तर नाहीच. तिने मला ते पुन्हा वाचायला लावलं. मग कित्येक महिन्यांत पहिल्यांदा ती मोठ्याने रडली आणि पहिल्यांदाच कोणाला दाखवण्यासाठी नसलेली प्रार्थना केली. देवा, कुठे आहेस तू, एवढीच.

ज्याच्यावरचा भरवसा संपला त्याच्याशी माणूस भांडत नाही. त्याच्या दाराशी गाऱ्हाणं घेऊन जात नाही. ईयोब राखेत बसून आपल्या जन्मदिवसाला शाप देत होता, देवाला न्यायासनापुढे बोलावत होता. त्याचे तीन मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर ते मित्र होते. तोंड उघडलं आणि त्यांनी आजचीच शिकवण दिली. निरपराध माणसाचा नाश कधी झाला आहे? पाप शोध, पश्चात्ताप कर, सगळं परत मिळेल. देवाच्या बाजूने पानंच्या पानं बोलले ते. आणि ४२व्या अध्यायात देवाचा राग कोणावर पेटला? एलीफजावर आणि त्याच्या दोन मित्रांवर. माझ्याविषयी खरं बोलला तो माझा सेवक ईयोब, तुम्ही नाही, असा निकाल देवाने दिला आणि त्यांच्यासाठी ईयोबाने प्रार्थना करावी अशी व्यवस्था केली. ही शिकवण शास्त्रात एकदा मांडून झाली आहे, आणि खुद्द देवाने ती खोडून काढली आहे. तरीही एलीफजाचं भाषण आपल्या व्यासपीठांवरून दर आठवड्याला का होतं?

मराठी ख्रिस्ती माणसाला तर याची दुहेरी ओळख असायला हवी. रेव्हरंड नारायण वामन टिळक म्हणत की आपण तुकोबांच्या सेतूवरून ख्रिस्तापाशी आलो. तुकोबांनी दुष्काळात बायको आणि मूल गमावलं. आपल्या देवाला त्यांनी किती बोल लावले आहेत! जनाबाईने विठ्ठलाशी भांडताना कोणती भीड ठेवली? देवाशी रुसणं, अडून बसणं, त्याला जाब विचारणं हे या भाषेला परकं नाही. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'त मरणं आहेत, फरफट आहे, नवऱ्यावरचा संताप आहे, आणि त्यातलं काहीही धुऊनपुसून साक्षीसाठी गुळगुळीत केलेलं नाही. हे घरचं सोडून, दुखत असताना हसतमुखाने विजय घोषित करायचा हा रिवाज आपण कुठून उचलला?

राहिलं सांत्वन. सगळं मिळून भल्यासाठीच होतं, असं रोमकरांस पत्राच्या ८व्या अध्यायातून सांगणारे त्याच अध्यायात थोडंसंच वर पाहत नाहीत. तिथे सारी सृष्टी कण्हते आहे, विश्वासणारे कण्हत आहेत, आणि आत्माही शब्दांत न मावणारं कण्हणं कण्हतो आहे. लाजराला आपण उठवणार हे येशूला ठाऊक होतं, तरी तो त्याच्या कबरीपाशी रडला. आमच्या दफनविधीत माझ्या भाचीला रडू नको, आई प्रभूजवळ आहे, असं बजावण्यात आलं. आई प्रभूजवळ आहे यावर माझाही विश्वास आहे. पण एकोणीस वर्षांच्या मुलीची आई तिच्याजवळ नाही, हेही तितकंच खरं आहे.

देव आजही बरं करतो असं मी मानते, आजाऱ्यांसाठी बरेपण मागते आणि मागत राहणार. पण ताईचा विश्वास कमी पडला नव्हता. उत्तर येत नसताना हाक मारत राहणं याला शास्त्रात विश्वास म्हणतात, आणि ती शेवटच्या आठवड्यापर्यंत हाक मारत होती. कमी पडलो ते आम्ही. तिचा पलंग छपरावर चढवायचा सोडून आम्ही तिच्या आत पाप शोधत बसलो.

पाळकसाहेब, येत्या रविवारी साक्षीची वेळ येईल. परीक्षेत पास झालेला मुलगा उठेल, ज्यांचा बायपास नीट झाला ते काका उठतील; उठू द्या, मीही टाळ्या वाजवीन. मग थोडं थांबा. मागच्या बाकावर, दाराजवळ, डोक्याला रुमाल बांधलेली कोणीतरी बसलेली असेल, कारण कोणीतरी नेहमीच असते. माइक तिच्याकडे न्या. मला दुखतं, मला भीती वाटते, देव मला उत्तर देत नाही, एवढंच ती म्हणेल. मध्ये कोणी तिला दुरुस्त करू नये. तिचं बोलून झालं की सगळ्या मंडळीने आमेन म्हणावं.